बौद्धिक दिव्यांग मूल आणि घराचा हिशेब: इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी

मुलाची वाढ मागे आहे हे लक्षात आल्यावर पहिली काही वर्षं डॉक्टर, तपासण्या, देवस्थानं आणि ओळखीच्यांनी सुचवलेले उपचार यांत निघून जातात. सरकारी कागदांचं काम 'बघू नंतर' म्हणून मागे राहतं. घराचं मोठं आर्थिक नुकसान इथूनच सुरू होतं, कारण मदत, सवलत, विमा, पेन्शन यांतल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला वयाची एक वेळ असते आणि ती हुकली की मागचं भरून मिळत नाही. दुसरं नुकसान कोणत्याच वहीत दिसत नाही. घरातली एक व्यक्ती, बहुतेकदा आई, कमावणं सोडते आणि तिचे तास कोणी मोजत नाही. या दोन्ही गोष्टी हाताळायचा क्रम पुढे दिला आहे.

आधी एक महिना लिहून काढा

साधी दोनशे पानी वही घ्या आणि एक पूर्ण महिना मुलामुळे होणारा प्रत्येक खर्च लिहा. औषधं आणि थेरपीची फी सगळेच लिहितात. राहतात ते रिक्षाचे पैसे, डायपर, फाटलेले कपडे, मूल खात नाही म्हणून वेगळा आणलेला खाऊ, आणि त्या दिवशी वडिलांनी घेतलेली बिनपगारी रजा.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. थेरपी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी ६०० रुपये, जाण्यायेण्याची रिक्षा २०० रुपये. महिन्याच्या आठ फेऱ्यांचे ६,४०० रुपये झाले. त्यातले १,६०० नुसते रिक्षात गेले, म्हणजे चौथा हिस्सा. हे कागदावर दिसलं की उपायही दिसतो. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं करायला शिकवणारी) आणि स्पीच थेरपी (बोलण्याची) वेगवेगळ्या दिवशी असतील तर एकाच दिवशी लागोपाठ मागा. मूल थकतं म्हणून मध्ये अर्धा तास ठेवायला सांगा, पण फेरी एकच करा. थेरपिस्टकडून घरी करायच्या गोष्टी लेखी घ्या: कोणती, किती मिनिटं, दिवसातून किती वेळा, काय जमलं की पुढच्या पायरीवर जायचं. केंद्रात आठवड्याला दोन तास आणि घरी शून्य, यापेक्षा केंद्रात एक तास आणि घरी रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं हे मुलाला जास्त लाभतं आणि खिशालाही परवडतं. थेरपिस्ट घरचं काम लिहून द्यायला टाळत असेल तर दुसरा शोधा.

वहीच्या मागच्या बाजूला एका आठवड्याचे तास लिहा: मुलाला उठवणं, शी-शूचं बघणं, भरवणं, शाळेत सोडणं, रात्रीचं जागरण, आणि प्रत्येक कामासमोर ते कोणी केलं. हे पान घरातल्या सगळ्यांनी बघायचं आहे. त्याकडे पुढे परत येऊ.

नावं जुळली नाहीत तर काहीच पुढे सरकत नाही

मध्य प्रदेशात कोणत्याही योजनेचा पाया समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंब-नोंदणी क्रमांक आहे. कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. मुलाचं नाव कुटुंबाच्या समग्रमध्ये आहे ना, आणि ते आधारशी अक्षरन् अक्षर जुळतं ना, हे पहिलं काम.

मराठी घरांची इथे एक खास अडचण होते. हिंदी टायपिंगमध्ये 'ळ' बहुतेक वेळा 'ल' होतो, त्यामुळे काळे 'काले' आणि सावळे 'सावले' होतात. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं असतात, तर समग्रमध्ये मधलं नाव गळालेलं असतं. इंग्रजी स्पेलिंग वडिलांच्या आधारवर एक, मुलाच्या आधारवर दुसरं. अर्ज तेवढ्यावर अडतो, आणि कळतं दोन महिन्यांनी. म्हणून सगळे कागद टेबलावर मांडून इंग्रजी स्पेलिंग एक ठरवा, आधी आधार दुरुस्त करा, मग समग्रचं ईकेवायसी, मग बँक. हा क्रम उलटा केला तर सगळं दोनदा करावं लागतं.

आधारचे बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे वयाच्या ५ आणि १५ व्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. चंचल मुलाला केंद्र उघडताच न्या, गर्दी होण्याआधी. डोळ्यांच्या यंत्राची भीती वाटत असेल तर आधी आठवडाभर घरी दुर्बीण डोळ्याला लावायचा खेळ खेळा. ठसे येतच नसतील तर आधारमध्ये बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे, ती मागा. 'नंतर या' ऐकून परत येऊ नका.

बँक खातं मुलाच्या नावाने, पालकाच्या सहीने चालणारं उघडा. खातं आधारला नुसतं जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी डीबीटीला सक्रिय असणं वेगळं. बँकेत दुसऱ्या गोष्टीची स्पष्ट खात्री करा. पेन्शन मंजूर होऊनही पैसे न येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

अर्ज यूडीआयडीच्या (देशभर चालणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात मुलाला घेऊन जायचं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. कार्डाचा रंग टक्केवारी सांगतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या खाली पिवळा, ८० किंवा जास्त असेल तर निळा.

बौद्धिक दिव्यांगत्वात टक्केवारी डॉक्टरांच्या अंदाजाने ठरत नाही. व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल नावाची चाचणी असते, तिच्यातून सामाजिक वय निघतं, म्हणजे रोजच्या वागण्यात मूल किती वर्षांच्या मुलासारखं आहे ते. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणतात. दहा वर्षांच्या मुलाचं सामाजिक वय साडेचार आलं तर गुण ४५. मग तक्ता असा: ७० ते ८४ ला २५ टक्के, ५५ ते ६९ ला ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, २१ ते ३५ ला ९० टक्के, आणि २० पर्यंत १०० टक्के. वरच्या उदाहरणातल्या मुलाला ७५ टक्के मिळतील.

ही चाचणी मुख्यतः मुलाला सांभाळणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून होते, आणि इथेच सर्वात जास्त चुकतं. भारतासाठी तिचं जे रूप वापरतात ते नागपुरात डॉ. मालिन यांनी तयार केलं. त्यात ८९ प्रश्न आहेत: खाणं, कपडे घालणं, स्वतःची काळजी, बोलणं, हिंडणं-फिरणं, मिसळणं वगैरे. प्रश्न 'येतं का' असा वाटतो, पण मोजायचं असतं ते मूल सवयीने, कोणी न सांगता, एकट्याने काय करतं ते. आईला मुलाचा अभिमान असतो. ती म्हणते, 'अंघोळ करतो की.' प्रत्यक्षात पाणी ती काढते, साबण ती लावते, डोक्यावरून पाणी ती घालते, आणि तो तांब्या हातात धरून बसतो. 'जेवतो हाताने' म्हणते, पण वरण-भात कालवून घास करून ताटात ठेवलेला असतो. अशी दहा उत्तरं झाली की गुण वर जातात आणि टक्केवारी खालच्या पायरीवर येते. काही जण मग उलट टोकाला जातात आणि येत असलेल्या गोष्टीही नाही म्हणतात. तेही करू नका. मूल समोरच असतं, विसंगती लगेच कळते, आणि पुढची शिकवण्याची योजनाही याच नोंदीवर उभी राहते.

जाण्याआधी तीन दिवस निरीक्षण करून लिहा: अमुक गोष्ट एकट्याने, सांगितल्यावर, हाताला धरून, की अजिबात नाही. हा कागद सोबत न्या. ज्या व्यक्तीजवळ मूल दिवसभर असतं तीच बरोबर हवी. घरात आजी सांभाळत असेल तर आजी. वडील एकटे गेले तर निम्म्या प्रश्नांना 'असेल' हे उत्तर येतं.

आणखी एक. मूल घरी मराठी ऐकतं आणि चाचणी हिंदीत होते. 'चमचा कुठंय' कळणारं मूल 'चम्मच कहाँ है' वर गप्प बसू शकतं. मानसशास्त्रज्ञांना सुरुवातीलाच सांगा की घरची भाषा मराठी आहे, आणि सूचना तुम्ही मराठीत सांगितली तर चालेल का विचारा. उत्तर मात्र सुचवायचं नाही, खूणही करायची नाही.

वयाच्या मर्यादा लक्षात ठेवा. एक ते पाच वर्षांत 'विकासातील सर्वांगीण विलंब' म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. पुढे ५, १० आणि १८ व्या वर्षी नूतनीकरण असतं, १८ नंतरचं आयुष्यभर चालतं. दहावं आणि अठरावं वर्ष येण्याच्या तीन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर घाला. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर पेन्शन थांबते आणि विम्याचा दावा फेटाळला जातो.

जनुकीय तपासणीचा रिपोर्ट, विशेषतः गुणसूत्रांचा, याच फाइलमध्ये कायमचा ठेवा. डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के मुलांत जास्तीचं २१ वं गुणसूत्र योगायोगाने आलेलं असतं, आईवडिलांकडून वारशाने नाही. थोड्या मुलांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, तेव्हा आईवडिलांचीही तपासणी लागते. पुढे बहीण-भावाच्या लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा हा एक कागद घरातल्या शंभर कुजबुजींना उत्तर देतो. पाहुण्यांपासून मूल लपवण्यापेक्षा पहिल्याच भेटीत कारण सांगून रिपोर्ट दाखवणं बरं. लपवलेलं नंतर कळलं तर आजारापेक्षा लपवण्याचाच राग धरला जातो.

यानंतर काय काय मागायचं

मध्य प्रदेश शासन सहा वर्षांवरील बौद्धिक आणि बहुदिव्यांग व्यक्तींना दरमहा ६०० रुपये देतं. अर्ज नगर निगमच्या झोन कार्यालयातून. रक्कम लहान आहे, पण मुलाच्या खात्यात नियमित येणारी ती पहिली रक्कम असते, म्हणून सोडू नका. अर्जाची पावती घ्या. अडकलं तर मंगळवारच्या जनसुनावणीत मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात लेखी द्या, दोन प्रती नेऊन एकीवर शिक्का घ्या. किंवा मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ वर तक्रार नोंदवा. १८१ वरून 'समाधान झालं का' विचारणारा फोन आला की पैसे खात्यात दिसल्याशिवाय हो म्हणू नका. एकदा तक्रार बंद झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

निरामय आरोग्य विमा राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा आहे. न्यासाचा १९९९ चा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चौघांसाठी आहे. विमा १ लाख रुपयांपर्यंतचा, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि रुग्णालयात भरती न होता केलेले उपचार आणि थेरपीही ठरलेल्या मर्यादेत त्यात बसतात. आयुष्मान कार्डात हे बसत नाही, ते भरतीसाठी आहे. म्हणून दोन्ही असू द्या. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. आधी खर्च आपण करायचा आणि मग बिलं पाठवायची, त्यामुळे थेरपीच्या प्रत्येक पावतीवर मुलाचं नाव, तारीख, थेरपिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. महिनाअखेरीला एकच ढोबळ पावती देणारी केंद्रं असतात, त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नूतनीकरण दरवर्षी. ते विसरलं की त्या वर्षाची थेरपी पूर्ण खिशातून.

शिकवण्याच्या साहित्याचा संच दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतो. कुटुंबाचं उत्पन्न महिना २२,५०० पर्यंत असेल तर मोफत, ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत.

पगारदार पालकांनी आयकराची ८०डीडी वजावट तपासावी. ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्क्यांना १,२५,००० रुपये, प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी संबंध नाही. पण ही जुन्या करप्रणालीतच मिळते. वीस टक्क्यांच्या टप्प्यात ७५,००० वर उपकरासह १५,६०० रुपये वाचतात. नवीन प्रणालीत त्याहून जास्त वाचत असेल तर तीच घ्या, दरवर्षी दोन्ही मांडून बघा. आता नवा आयकर कायदा आला आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सल्लागाराला कलमाच्या जुन्या नावाने विचारलं तरी अर्ज चालू वर्षाचाच भरायला लावा.

रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगाला आणि सोबत्यालाही स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत आहे, टू एसीत ५० टक्के. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र आधी करून घ्यावं लागतं. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईला जाणाऱ्या घराला एका फेरीतच त्याचं मोल कळतं.

शाळा

दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त असलेल्या प्रत्येक मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळा जवळची साधी घ्यायची की विशेष, हे ठरवायचा हक्क पालकांचा. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांतही दिव्यांग मुलं वंचित गटात येतात. सौम्य प्रकारातल्या मुलाला साध्या शाळेत घालायचं असेल तर फक्त प्रवेश मिळवून थांबू नका. बाक पहिल्या रांगेत, पुस्तकं निम्मी, परीक्षेत जास्त वेळ, आणि शू लागली तर कोणाला सांगायचं, हे चार मुद्दे लेखी मान्य करून घ्या. मूल शाळेतून घरी बसतं ते बहुतेक अभ्यासामुळे नाही, शेवटच्या मुद्द्यामुळे. पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय हा मार्ग आहे: विषय निवडता येतात आणि एकेक करून पास होता येतं.

विशेष शाळा बघायला गेलात तर भिंतीवरचे रंग बघू नका. शिक्षकांचं भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणीपत्र मागा, आणि आपल्या मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना किती महिन्यांनी बदलतात ते विचारा. तीन वर्षं तेच मणी ओवायला लावणारी शाळा मुलाला फक्त बसवून ठेवते. पाळणाघर हवं असेल तर तसं म्हणून घ्या, फी मात्र तेवढीच द्या.

आईचे तास

आता वहीचं मागचं पान काढा. बहुतेक घरांत एकाच नावासमोर ऐंशी-नव्वद तास निघतात. घरातली मंडळी याला 'तिचं सगळं त्याच्यातच जातं' म्हणतात आणि विषय संपतो. तसा संपवू नका. जी कामं नातं मागत नाहीत ती वेगळी काढा: शाळेत सोडणं-आणणं, संध्याकाळचा फेरफटका, झोन कार्यालयाच्या फेऱ्या, बिलांची फाइल. ही आजोबा, काका, मोठा भाऊ करू शकतात. वेळ नेमून द्या. 'जमेल तेव्हा' म्हटलेलं काम परत आईकडेच येतं. रात्रीचं जागरण आठवड्यातून दोन रात्री तरी वडिलांनी घ्यावं. झोप नसलेली बाई दोन-तीन वर्षांत स्वतः आजारी पडते, आणि मग घराचे दोन्ही खांब एकदम हलतात.

मोकळ्या झालेल्या तासांतून पहिले तिच्या विश्रांतीचे. उरले तर कमाईचे. पोळी-भाजीचे डबे, शिकवणी, दिवाळीचा फराळ ही इंदूरच्या मराठी घरांत चालणारी कामं आहेत. फराळाच्या ऑर्डरी मात्र जपून घ्या. तेव्हाच शाळेला सुट्टी असते, मूल दिवसभर घरात असतं आणि समोर उकळतं तेल. त्या पंधरवड्यात सांभाळायला माणूस ठरवूनच ऑर्डर घ्या, आणि त्या माणसाचा खर्च किमतीत धरा.

सरकारी नोकरीतल्या आईने बालसंगोपन रजेची चौकशी करावी. केंद्र सरकारात ती एकूण ७३० दिवसांची असते आणि दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही. दिव्यांग मुलाला सांभाळणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट मागता येते. अर्ज बदलीचा हुकूम निघण्याआधीच द्या.

लोकांत जाणं थांबवू नका, पण वेळ निवडा. हळदी-कुंकवाला, गणपतीच्या आरतीला गर्दीच्या आधी अर्धा तास जाऊन परत यायचं. ढोल-ताशा आणि रंगपंचमीची गेर ज्या मुलाला सोसत नाही त्याला तिथे नेऊन 'सवय होईल' म्हणू नये, सवय होत नाही, भीती वाढते. मुलाच्या खिशात नाव, घरचे दोन फोन नंबर आणि 'मला बोलता येत नाही' एवढं हिंदीत लिहिलेलं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून कायम ठेवा. शर्ट बदलला की कार्ड धुवायच्या कपड्यांत जातं, म्हणून तीन-चार करून ठेवा.

अठरा पूर्ण होण्याच्या सहा महिने आधी

अठराव्या वाढदिवशी आईवडील कायद्याने मुलाचे पालक राहत नाहीत. बँक खात्यावरची तुमची सही चालेनाशी होते. बहुतेक घरांना हे कळतं ते वडील गेल्यावर, फॅमिली पेन्शन अडकल्यावर.

राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ खाली कायदेशीर पालकत्वाचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो. समितीत कलेक्टर, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. यूडीआयडी, वयाचा दाखला, पालक होणाऱ्याची संमती, मुलाच्या नावावरच्या मालमत्तेचा तपशील तयार ठेवा. भावंडांची लेखी संमतीही घेऊन ठेवा. भाऊ पुण्याला किंवा परदेशात असेल तर दिवाळीला आला असतानाच सही घ्या. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. हे बरेच जण देत नाहीत आणि पुढे घरात वाद झाला की तेच अंगाशी येतं. या प्रमाणपत्रावर बँका खातं चालवू देतात, रिझर्व्ह बँकेच्या तशा सूचना आहेत. शाखेत कोर्टाचाच आदेश मागितला तर त्या सूचनेचा लेखी हवाला द्या आणि नकारही लेखी मागा.

सरकारी किंवा निवृत्त पालकाने जिवंतपणी करायचं काम म्हणजे आपल्या कार्यालयाला मुलाचं दिव्यांगत्व कळवून पेन्शनच्या आदेशात त्याचं नाव घालून घेणं. केंद्राच्या नियमांनुसार स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळते. खासगी नोकरीतल्यांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतही कायम पूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची अट नाही. नाव आधी नोंदलेलं असेल तर काम कागद दाखवण्याचं राहतं, नसेल तर सिद्ध करण्याचं होतं.

आपल्यानंतर

बौद्धिक दिव्यांगत्वामुळे वारसाहक्क जात नाही, हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २८ ने हे स्पष्ट केलं आहे. म्हणून 'त्याला काय कळतं' म्हणत घर परस्पर दुसऱ्या मुलाच्या नावावर करणं चूक, आणि प्रेमापोटी सगळं याच मुलाच्या नावावर करणंही तितकंच चूक. त्याच्या नावावरचा फ्लॅट त्याला विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, आणि प्रत्येक वेळी पालकाला परवानगीच्या मागे फिरावं लागतं. नॉमिनी म्हणूनही त्याचं एकट्याचं नाव टाकून भागत नाही.

चांगला मार्ग म्हणजे फक्त या मुलाच्या हितासाठीचा खासगी विश्वस्त निधी, आणि मृत्युपत्रातून मालमत्ता त्या निधीत जाईल अशी सोय. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ज्यांना त्यातून काही मिळणार आहे ते घेऊ नका. स्थावर मालमत्ता निधीत टाकायची असेल तर दस्त नोंदवावा लागतो. विश्वस्त किमान तीन ठेवा: एक घरातला, एक घराबाहेरचा, आणि एक तुमच्याहून वीस वर्षांनी लहान. तिघांपैकी एकजण तरी इंदुरात राहणारा हवा, कारण मूल इथे आहे. निधी तुम्ही असतानाच थोड्या रकमेने सुरू करा, पॅन आणि बँक खातं काढा, आणि एक-दोन वर्षं थेरपीची फी त्यातूनच भरा. विश्वस्तांना काम जमतं की नाही ते तुमच्या डोळ्यांसमोर कळेल.

मृत्युपत्रात 'माझ्यानंतर अमुक सांभाळेल' लिहिल्याने तो सज्ञान मुलाचा कायदेशीर पालक होत नाही. त्याला समितीकडे अर्ज करावाच लागतो. म्हणून त्या व्यक्तीला आताच विचारा, आणि तिच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही विचारा. बहीण हो म्हणते आणि सासर नाही म्हणतं, ही गोष्ट आधी कळलेली बरी.

कायमच्या निवासाची संस्था पाहायची असेल तर राज्याचं नोंदणी प्रमाणपत्र मागा, ते दिव्यांगजन हक्क कायद्याने बंधनकारक आहे. राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ-कम-घरौंदा योजनेत आजूबाजूला कोणती केंद्रं आहेत ते न्यासाच्या यादीत बघा. जेवणाच्या वेळी न सांगता जा. पिण्याचं पाणी कुठून येतं, रात्री किती मुलांमागे किती माणसं असतात, डॉक्टर शेवटचे कधी आले ते वहीत बघा. मुलं तुमच्याकडे धावत येतात की कोपऱ्यात बसून राहतात, तेही बघा. आधी पंधरा दिवसांचा मुक्काम करून पाहा आणि परत आणल्यावर वजन करा.

शेवटी, चार पानांचं माहितीपत्रक मराठीत आणि हिंदीत तयार करा. औषधांची नावं, मात्रा, वेळा. झटके येतात का, आले तर काय करायचं. काय खातो, काय गिळताना अडकतं. कशाने घाबरतो, कशाने शांत होतो. शू लागल्याची त्याची खूण कोणती. झोपताना काय लागतं. कोणता शब्द घरात कशासाठी वापरतात. कागदांची फाइल कुठे आहे, किल्ली कोणाकडे. एक प्रत फाइलमध्ये, एक विश्वस्ताकडे, एक शेजारी. औषध बदललं की तिन्ही प्रती बदला आणि वर तारीख घाला.